‘मान्य आहे’ : एका अवाचित गद्याचे परीक्षण

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आजवर ओवी, अभंग, पोवाडा, बखर, निबंध, लघुकथा इत्यादी प्रकारांची यथासांग चिकित्सा केली आहे. परंतु गेल्या काही वर्षांत असा एक गद्यप्रकार उदयास आला आहे की, जो कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक घरांत शिरतो, एकाच वाचकापुढे दिवसातून अनेकदा उभा राहतो, ज्याखाली वाचक स्वतःची मान्यता नोंदवितो, आणि तरीही जो आपण वाचला आहे असे शपथेवर सांगणारा मनुष्य विरळा. मोबाइलवर वा संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडताच पडद्याच्या तळाशी जी चौकट वर येते, ‘आम्हांस आपल्या खासगीपणाची कदर आहे’ अशा गोड वाक्याने जिचा प्रारंभ होतो आणि ‘सर्व मान्य आहे’ या ठळक बटनाने जिचा शेवट होतो, ती चौकट व तिच्यामागे दडलेले लांबलचक धोरणपत्र हा तो प्रकार होय. परीक्षणाच्या पानांत यास जागा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ज्या गद्याच्या जोरावर वाचकाकडून काहीतरी घेतले जाते, त्या गद्याचे गुणदोष पाहणे हे टीकाकाराचे कामच आहे. किंबहुना इतर कोणत्याही गद्यापेक्षा ते अधिक निकडीचे आहे.

प्रथम, ही मान्यता कशासाठी मागितली जाते ते पाहू. नवरात्रात कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनास जी गर्दी लोटते ती नागपूरकरांस सांगावयास नको. अशा कोणत्याही मोठ्या देवस्थानात पादत्राणे ठेवणारा मनुष्य आपल्या हाती एक बिल्ला देतो. परत येऊन आपण तो बिल्ला दाखविला की त्यास आपली जोडी ओळखता येते. संगणकाच्या महाजालास मुळात स्मरणशक्ती नाही. आपण एक पान पाहून दुसरे मागितले की, मागणारा तोच आहे हे त्यास कळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप या कंपनीतील लू मॉन्टुली या तंत्रज्ञाने १९९४ साली एक युक्ती योजिली. संकेतस्थळाने एक लहानशी चिठ्ठी आपल्याच यंत्रावर ठेवून द्यावी आणि पुढल्या खेपेस ती परत वाचावी, अशी ही युक्ती. या चिठ्ठीस संगणकवाल्यांच्या बोलीतील एका जुन्या शब्दावरून ‘कुकी’ असे नाव पडले. येथवर सारे निर्दोष आहे. बिल्ला आपल्या सोयीचा आहे आणि त्यावरून फक्त आपली जोडीच ओळखली जाते.

परंतु अशी कल्पना करा की, देवळाबाहेरच्या बाजारात फुलवाला, प्रसादवाला, बांगड्यांचे दुकान, औषधांचे दुकान या प्रत्येक ठिकाणी एकाच परक्या पेढीचा माणूस कोपऱ्यात बसला आहे, आणि तो आपल्या खिशातील तोच बिल्ला प्रत्येक दुकानात गुपचूप वाचतो आहे. संध्याकाळपर्यंत त्या पेढीस आपण काय घेतले, काय नुसते हाताळून ठेवले, कोणत्या औषधाची चौकशी केली, हे सर्व ठाऊक होईल. आणि आपणास तो मनुष्य दिसलेलाही नसेल. जाहिरात कंपन्यांच्या ज्या कुकींस ‘तिऱ्हाइताच्या कुकी’ म्हणतात त्यांचे कार्य हेच. निरनिराळ्या संकेतस्थळांवर एकाच कंपनीची जाहिरातपट्टी बसविलेली असते, आणि ती पट्टी प्रत्येक ठिकाणी तोच बिल्ला वाचते. सफारी व फायरफॉक्स या न्याहाळकांनी २०१९-२०२० च्या सुमारास असल्या कुकींस मूळ व्यवस्थेतच बव्हंशी मज्जाव केला. गूगलने आपल्या क्रोममधूनही त्या दोन वर्षांत काढून टाकू असे २०२० च्या जानेवारीत जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली, आणि २०२४ च्या जुलैत तो बेतच सोडून दिला. म्हणजे दाराशी अडसर घालण्याचे काम तेथे तरी यंत्राने पत्करले नाही. ते वाचकाच्या ‘हो’ किंवा ‘नाही’ यावर राहिले. म्हणूनच तो ‘हो’ ज्या गद्याने मागितला जातो त्याकडे वळणे प्राप्त आहे.

त्या गद्याचा नमुना म्हणून या वळणाचे एक वाक्य घेऊ : ‘आपला अनुभव अधिक चांगला करण्याकरिता आपली माहिती आमच्या निवडक भागीदारांसह सामायिक केली जाऊ शकते.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य शुद्ध आहे. पण त्यातील एकेक शब्द हाताळून पाहिला असता तो पोकळ वाजतो. ‘अनुभव चांगला करणे’ म्हणजे जाहिरात दाखविणे. परंतु जाहिरात हा शब्द येथे येत नाही. ‘निवडक भागीदार’ म्हटल्यावर वाचकाच्या मनात दोन-चार नावे येतात. यादी उघडून पाहिली तर ती कित्येकदा शेकड्यांनी मोजावी लागते. मग निवड कोणी केली, आणि कोणाला वगळून केली? ‘सामायिक’ हा शब्द तर विशेष चिंतनीय आहे. आपल्याकडे सामायिक विहीर असते, सामायिक भिंत असते, सामायिक बांध असतो. आणि सामायिक म्हटले की त्यात दोघांचाही हक्क आला. येथे एकाची वस्तू दुसरा तिसऱ्यास देतो आणि पहिल्यास त्याच्या वाट्याचे पाणीही मिळत नाही. तरी व्यवहाराचे नाव सामायिक! शेवटी ते ‘केली जाऊ शकते’. आपल्या कर्मणी प्रयोगात कर्ता सांगता येतो आणि गाळताही येतो. येथे तो गाळला आहे. कोण देणार, कोणास देणार, देणारच की नुसती शक्यता आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर क्रियापद देत नाही. अस्पष्टता हा पुष्कळदा लेखकाच्या अशक्तपणाचा परिणाम असतो. येथे ती लेखकाची कमाई आहे.

दुसरा दोष लांबीचा. ग्रंथ लांब असणे हा दोष नव्हे, कारण ग्रंथ वाचावयास मनुष्य बसतो. भाजीचा भाव पाहावयास आलेल्या माणसापुढे वीस पानांचे धोरणपत्र ठेवणे म्हणजे ते वाचू नये अशीच व्यवस्था करणे होय. तिसरा दोष मांडणीचा. ‘मान्य आहे’ हे बटन रंगीत व मोठे. ‘नको’ म्हणावयाचे असेल तर ‘अधिक पर्याय’ या फिकट अक्षरांमागे जावे, तेथे खुणा एकेक काढाव्या, मग जतन करावे. हा प्रकार युरोपात न्यायालयांपर्यंत गेला. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी निर्णय दिला की, आधीच खूण करून ठेवलेली चौकट वाचकाने तशीच राहू दिली म्हणजे त्याने संमती दिली असे होत नाही. पुढे २०२२ च्या जानेवारीत फ्रान्सच्या नियामक मंडळाने, कुकी नाकारणे हे स्वीकारण्याइतके सोपे ठेवले नाही एवढ्याच कारणावरून, गूगलवर १५ कोटी युरो व फेसबुकवर ६ कोटी युरो दंड बसविल्याचे जाहीर केले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवून त्यांस मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. नकार देणाऱ्यास शब्दांनी लाजविणे हा त्यांतील एक प्रकार आहे. ‘मौन हे संमतीचे लक्षण’ असे आपले जुने वचन सांगते. वधूपरीक्षेच्या बैठकीत ते किती न्याय्य होते हा प्रश्न वेगळा. बाजारात ते चालू देऊ नये याविषयी दोन मते नसावीत.

आता याच्या शेजारी दुसऱ्या एका गद्याचा नमुना ठेवू. कोराडी हे विजेचे माहेर. येथील औष्णिक केंद्र १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले आणि आज महानिर्मितीचे ६६० मेगावॅटचे तीन संच येथे आहेत. वीज येथे तयार होते आणि घरोघरी पोहोचविण्याचे काम महावितरणकडे आहे. २०२२ साली महाराष्ट्रभर वीजग्राहकांच्या मोबाइलवर एक निरोप येऊ लागला. त्याचा आशय असा : आपले मागील महिन्याचे बिल नोंदले गेलेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, ताबडतोब आमच्या अमुक अधिकाऱ्यास या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दूरध्वनी करणाऱ्यास पलीकडचा मनुष्य एखादे उपयोजन मोबाइलवर घ्यावयास किंवा दहा-पाच रुपये भरावयास सांगे, आणि थोड्याच वेळात बँकेचे खाते रिते होई. महावितरणने वारंवार प्रसिद्ध केले की, आमचे निरोप कंपनीच्या नावाच्या अधिकृत खुणेवरूनच येतात, कोणा अधिकाऱ्याच्या वैयक्तिक मोबाइलवरून नव्हे. तरीही पुष्कळ लोक फसले. आणि त्यांत अशिक्षितच होते असे मुळीच नाही.

हा निरोप बहुधा मोडक्या इंग्रजीत असे. त्याचे व्याकरण लंगडे. परंतु रचना पाहा. कोण बोलतो, काय होणार, केव्हा होणार, का होणार आणि आपण काय करावे, ही पाचही उत्तरे तीन वाक्यांत दिली आहेत. कर्ता आहे, काळ आहे, कारण आहे, उपाय आहे. वेळ नुसती ‘लवकरच’ अशी नाही, साडेनऊ आहे. म्हणजे कचेरी बंद झालेली आणि घरात मुलांचा अभ्यास चाललेला, अशी नेमकी घटका साधली आहे. लेखकाने वाचक डोळ्यांपुढे आणला आहे, त्याची भीती ओळखली आहे आणि त्याचा वेळ वाया घालविलेला नाही. निबंधलेखनाच्या वर्गात जे गुण आम्ही विद्यार्थ्यांस शिकवितो ते सर्व या ठकाच्या चिठ्ठीत आढळावे आणि नामांकित कंपन्यांच्या धोरणपत्रांत एकही आढळू नये, ही आमच्या मते या साऱ्या विषयातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट होय. ठकास आपले लिहिणे वाचले जावे अशी इच्छा आहे. कंपनीस तशी इच्छा नाही. गद्य कोणाचे चांगले उतरते हे शेवटी या इच्छेवर अवलंबून असते.

नको असलेल्या निरोपांचा हा वंश तसा जुना आहे. विजेवरून येणाऱ्या पत्रांत त्याचा आरंभ ३ मे १९७८ रोजी झाला. त्या दिवशी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या गॅरी थ्युर्क या विक्रेत्याने सुमारे चारशे अनोळखी लोकांस एकच जाहिरात पाठविली. अशा पत्रांस पुढे ‘स्पॅम’ हे नाव मिळाले. ते डबाबंद मांसाचे एक व्यापारी नाव असून, एका इंग्रजी विनोदी प्रवेशात त्याचा कंटाळा येईतो पुनरुच्चार केलेला आहे, त्यावरून हा अर्थ रूढ झाला. परंतु मराठी घरांस हा प्रकार त्याही आधीपासून पोस्टकार्डाच्या रूपाने ठाऊक होता. अमुक देवाच्या कृपेचा महिमा, त्याखाली ‘अशी इतकी पत्रे लिहून पाठवा’ अशी आज्ञा, आणि न पाठविल्यास काय अनर्थ झाला त्याची उदाहरणे, असली साखळीपत्रे ज्या घरी आली नाहीत असे घर विरळा. फरक इतकाच की, ते कार्ड लिहिणाऱ्यास दर प्रतीस पोस्टाचे मूल्य व हाताचे श्रम द्यावे लागत. आता लाख प्रतींस एका प्रतीहून फारसा अधिक खर्च नाही; आणि शाई महाग होती तेव्हा जो संयम आपोआप राहत असे तो आता राहण्याचे कारण उरलेले नाही.

वर सांगितलेली दोन गद्ये, एक न वाचण्यासाठी लिहिलेले व दुसरे वाचण्यासाठी लिहिलेले, एकमेकांस अगदी परकी आहेत असे मात्र कोणी समजू नये. २०२३ च्या एप्रिलात सायबराबादच्या पोलिसांनी एका इसमास अटक केली. सुमारे ६७ कोटी व्यक्ती व संस्थांची माहिती बाळगून ती विकत असल्याचा आरोप त्याजवर होता. एवढी माहिती एका माणसाने दारोदार हिंडून गोळा केलेली नसते. ती आपणच निरनिराळ्या दुकानांत, निरनिराळ्या चौकटींखाली, ‘मान्य आहे’ म्हणत दिलेली असते. पुढे ती कोठे गळते, कोठे चोरीस जाते, कोठे विकली जाते. सावकाराच्या पेढीत ठेवलेली वस्तू चोरबाजारात सापडावी, तसाच हा प्रकार.

येथे एक आक्षेप येतो. खासगीपणा ही पाश्चात्त्यांची कल्पना आहे. आमच्या वाड्यांत, चाळींत, खेड्यांत कोणाचे काय शिजते हे सर्वांस ठाऊक असे. मग आज हा गहजब का? हा आक्षेप केवळ ओट्यावरचा नाही. खासगीपणास मूलभूत हक्क म्हणता येत नाही अशी भूमिका केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयातही घेतली होती. सेवानिवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ती अमान्य केली आणि हा हक्क घटनेतच आहे असे ठरविले. या पीठावर नागपूरचे शरद बोबडे होते, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्या स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी दाखवून दिले की, घरातील माणसांचा एकांत राखला जावा अशा रीतीने घर कसे बांधावे हे गृह्यसूत्रे सांगतात, आणि मालकाच्या संमतीवाचून परक्याच्या घरात शिरण्यास कौटिल्याचे अर्थशास्त्र मनाई करते. आम्ही यात मराठीपुरती एक भर घालू. ‘खासगी’ हा शब्द आपण फारसीच्या सहवासातून घेतला. पण त्याचा अर्थ आपल्याकडे हिशेबाच्या वहीत पक्का झालेला आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचा जमाखर्च वेगळा आणि खासगीचा वेगळा असे; अहिल्याबाईंच्या दानधर्माची कीर्ती या खासगीशी निगडित आहे. जे आपले आहे ते दुसऱ्या खात्यात मिसळू नये, हा विचार आम्हांस कोणी बाहेरून शिकविलेला नाही.

शिवाय शेजाऱ्याचे जाणणे आणि पेढीचे जाणणे यांत अंतर आहे. गावच्या किराणा दुकानदारास आपल्या घरी साखर किती लागते, कोणत्या महिन्यात उधारी वाढते, हे ठाऊक असे. परंतु तो आपणास जाणत होता तसे आपणही त्यास जाणत होतो; त्याची वही मागितली तर पाहावयास मिळत असे; आणि आपल्या घरातील आजारपणाची बातमी त्याने परगावी विकली असती तर दुसऱ्या दिवशी गावात त्यास तोंड दाखविण्यास जागा उरली नसती. कुकीची वही आपणास दिसत नाही, लिहिणारा दिसत नाही, आणि त्याच्यावर लोकलज्जेचा अंमल चालत नाही. जेथे लोकलज्जा पोहोचत नाही तेथे कायदा पोहोचला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. जाहिरातीवाचून ही सारी वृत्तपत्रे, नकाशे, गाणी, पत्रव्यवहार फुकट कसा मिळणार? प्रश्न रास्त आहे. आणि मासिकांच्या जगात वावरणाऱ्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये. मराठी नियतकालिकांची कित्येक वर्षे केशतेले, दंतमंजने आणि बलवर्धक औषधे यांच्या जाहिरातींवरच निभावली. तथापि त्या जाहिराती वाचकाकडे पाहत नसत. दंतमंजनवाल्यास कोणी पान उलटले, कोणी क्षणभर थांबले, कोणाचा दात दुखतो आहे, हे कळत नसे. तो आपला माल सांगून गप्प बसे. आमची तक्रार जाहिरातीविरुद्ध नाही. जाहिरातीस फुटलेल्या डोळ्यांविरुद्ध आहे. विषयास अनुसरून जाहिरात द्यावी, शेतीच्या लेखाशेजारी बियाण्यांची द्यावी. त्यासाठी वाचकाच्या मागे हिंडण्याची आवश्यकता नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा आपल्या संसदेने केला आणि ज्यास राष्ट्रपतींची मान्यता ११ ऑगस्ट २०२३ रोजी मिळाली, त्यात ‘कुकी’ हा शब्द नाही. पण संमती या शब्दास त्याने पाच विशेषणे जोडली आहेत. ती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, समजून-उमजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी. दिलेली संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे. संमती मागणारी सूचना स्पष्ट व सोप्या भाषेत असावी; आणि ती इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकास मिळावा. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले. सूचना स्वतंत्रपणे वाचून समजण्याजोगी असावी, कोणती माहिती व कोणत्या हेतूने घेतली जाते त्याची बाबवार नोंद तीत असावी, असे ते सांगतात. आणि कंपन्यांस याची तयारी करण्यासाठी त्यांनी अठरा महिन्यांची मुदत दिली.

अर्थ असा की, मराठी सूचना मागण्याचा हक्क कायद्याने आपल्या पदरात टाकला आहे. परंतु हक्क मिळाला म्हणजे वस्तू चांगली मिळेलच असे नाही. आम्हांस भय वाटते ते याचे की, इंग्रजी धोरणपत्र यंत्रातून काढून त्याची मराठी छाया आपल्यापुढे ठेवली जाईल, ‘सामायिक केली जाऊ शकते’ हे वाक्य बावीस भाषांत एकदमच अवतरेल, कायद्याचे अक्षर पाळले जाईल, आणि मराठी वाचक जसा इंग्रजीत न वाचता मान्य म्हणत होता तसाच मराठीतही न वाचता मान्य म्हणेल.

हे टाळावयाचे तर आदर्श दूर शोधावयास नको. संमतीचे गद्य लिहिण्याची आपली स्वतःची परंपरा आहे, आणि ती आजही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जिवंत आहे. आपले खरेदीखत पाहा. प्रारंभीच ‘लिहून घेणार’ व ‘लिहून देणार’ असे दोन्ही पक्ष नावगावासह उभे असतात. वस्तूची चतुःसीमा सांगितलेली असते : पूर्वेस काय, पश्चिमेस काय. मोबदला आकड्यांत व अक्षरांत असतो. आणि शेवटी, हे खत मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्या दडपणास बळी न पडता लिहून दिले आहे, अशी कबुली येते. त्या भाषेत रुक्षता असेल, जुनाट शब्द असतील. पण एक मोठा गुण आहे. तेथे बोलतो तो देणारा. वाक्याचा कर्ता ‘मी’ आहे, आणि तो ‘मी’ म्हणजे ज्याचे जात आहे तो मनुष्य. नव्या सूचनापत्रांत मात्र सर्वत्र ‘आम्ही’ बोलत असतो, आणि तो ‘आम्ही’ म्हणजे घेणारा. संपादकीय ‘आम्ही’ मिरविणाऱ्यांनी या सर्वनामावर दोष ठेवावा हे चमत्कारिक दिसेल खरे. पण संपादक आपल्या ‘आम्ही’खाली वाचकाची सही मागत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

त्या कायद्याने माहिती घेणाऱ्यास जी संज्ञा दिली आहे तिचा भाव ‘विश्वस्त’ याच शब्दाने मराठीत उतरतो. हा शब्द आपल्याकडे हलका नाही. देवस्थानाचा विश्वस्त म्हणजे काय हे कोराडीस काय किंवा अन्यत्र काय, कोणाही भाविकास सांगावे लागत नाही : दानपेटीत पडलेला पैसा त्याच्या हाती असतो, पण त्याचा नसतो, त्याचा हिशेब त्यास द्यावा लागतो, आणि तो देवाच्या कामाखेरीज अन्यत्र लावला तर तो गुन्हा होतो. हा शब्द जाहिरात कंपन्यांस लावावयाचा तर त्याच्यासह त्याचे ओझेही त्यांच्या खांद्यावर गेले पाहिजे. ‘भागीदार’ आणि ‘विश्वस्त’ ही दोन नावे एकाच धोरणपत्रात सुखाने नांदू शकत नाहीत, कारण विश्वस्ताने ठेवीच्या वाटपासाठी भागीदार शोधावयाचे नसतात.

टीकाकाराने दोष दाखवून थांबू नये म्हणून एक नमुना आम्ही पुढे ठेवतो : ‘हे दुकान अमुक कंपनीचे आहे. आपण येथे कोणत्या वस्तू पाहता ते आम्ही टिपतो. त्यासाठी आपल्या मोबाइलवर एक खूण ठेवतो. ही नोंद आम्ही तीन महिने ठेवतो आणि अमुक जाहिरात कंपनीस देतो. ती कंपनी त्यावरून दुसऱ्या ठिकाणी आपणास आमच्या जाहिराती दाखविते. आपण नाही म्हटले तरी येथे खरेदी करता येईल. आज हो म्हणून उद्या नाही म्हणावयाचे असल्यास बटन येथेच आहे.’ आणि त्याखाली ‘हो’ व ‘नाही’ ही दोन बटने, सारख्या आकाराची, सारख्या रंगाची. हे लिहावयास पाऊण पृष्ठही लागत नाही. असे लिहिता येत नाही म्हणून कंपन्या लिहीत नाहीत असे नव्हे. असे लिहिले तर पुष्कळ लोक ‘नाही’ म्हणतील, हे त्यांस ठाऊक आहे. ज्या वाक्याने सत्य सांगितल्यास होकार मिळत नाही, त्या वाक्याने मिळविलेल्या होकारास संमती म्हणावे काय, याचा विचार वाचकांनीच करावा.

नको असलेले व्यापारी निरोप थांबविण्यासाठी १९०९ हा क्रमांक आहे. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० वर कळवावे. या सोयी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात, आणि विजेच्या बिलाच्या निरोपास दूरध्वनीने उत्तर देऊ नये, हे घरातील वडीलधाऱ्यांस मुद्दाम सांगावे. परंतु सुशिक्षित कुटुंबांकडून आमची अपेक्षा याहून थोडी अधिक आहे. आपल्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, भाषांतरकार आहेत, बँकांत व कंपन्यांत काम करणारे आहेत. मराठी सूचनापत्रे पुढे येतील तेव्हा यांपैकी कित्येकांच्याच हातांखालून ती जातील. त्यांनी खतातील जुनी रीत येथे लावावी. दस्त करून देणाऱ्यास लिहिता-वाचता येत नसे तेव्हा दस्त त्यास वाचून दाखवीत, आणि त्यातील मजकूर त्यास समजला याची नोंद खाली होत असे. सूचनापत्र घरातील आजीस वाचून दाखवावे. आपले काय घेतले जाते, कोण घेतो आणि कशासाठी, हे तिने आपल्या शब्दांत उलट सांगितले तर गद्य उतरले. तिला सांगता आले नाही तर दोष तिच्या समजुतीस न देता कागद लिहिणाऱ्याकडे परत पाठवावा. आणि तो सुधारून येईपर्यंत बोट ‘नाही’ या अक्षरांवर ठेवावे.